नऊ वाघ आणि एक विहीर

प्रसेनजित गुरुजींनी गावच्या जुन्या विहिरीचा इतिहास मुलांसाठी लिहिला. खरी नावं घातली तर भांडणं होतील, म्हणून पूर्वजांच्या जागी प्राणी घातले. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं त्यांना जेमतेम एक दिवस वाटलं.

पुस्तिका संध्याकाळच्या एसटीने मलकापूरच्या छापखान्यात जायची होती. आदल्या दिवशी गुरुजींनी ती वर्गात वाचून दाखवली होती आणि मुलांनी ती घरोघर पोचवली. सकाळीच माजी सरपंच किसनराव शाळेत आले.

"गुरुजी, माह्या आज्याले कोल्हा काऊन केलं?"

"काका, तो तुमचा आजा आहे असं कुठं लिहिलंय?"

"कोल्हा विहीर सोताच्या वावराजवळ खोदून घेते. ते वावर आमचंच हाय ना! वाघ करा."

गुरुजींनी वाघ केला. तासाभरात निजामभाई दुकान उघडं टाकून आले. विहिरीला दोर त्यांच्या पणजोबांनी दिले होते.

"उंट? मास्तर, आमी काय अरबस्तानातून आलो? सात पिढ्या इथंच हाव."

"चुकलंच माझं. मग बैल करू?"

"किसनराव वाघ, अन् आमी बैल?"

दुपारपर्यंत शेळी, कासव, घुबड सगळ्यांची बढती होऊन नऊ वाघ झाले. एका जंगलात एवढे वाघ मावत नाहीत, हे गुरुजी स्वतःच पाचवीला शिकवत. पण त्यांच्यात आता वाद घालायचं त्राण नव्हतं.

तीन वाजता शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कलाबाई भांडी घासून आल्या आणि पानं चाळू लागल्या.

"तुम्हालाही वाघच पाहिजे ना?" गुरुजींनी थकून विचारलं.

"मले नाही पाह्यजे. पन एकटाच विहीर खोदते तो हत्ती कोन हाय?"

गुरुजींनी उगाचच चष्मा पुसला. "माझे आजोबा."

"ते तं तवा मलकापूरले कापसाच्या जिनिंगात कामाले होते. खोदली माह्या आज्यानं. पाय मोडला त्याचा तिथं. त्याले कोन्तं जनावर केलं?"

गुरुजींनी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. कलाबाईंचा आजा कुठंच नव्हता. दिवसभर दुसऱ्यांना मनात हसत होतो, याची त्यांना फार लाज वाटली.

"राहूनच गेले की हो. काय करू त्यांना?"

"गाढव करा, चालते. पन ठेवा."

"नाव काय त्यांचं?"

"कारभारी."

गुरुजींनी हत्ती खोडला आणि लिहिलं, 'कारभारी नावाच्या माणसाने ही विहीर खोदली.' मग पानं पिशवीत भरून ते स्टँडवर गेले. बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. किसनराव एसटीच्या दारातच उभे होते.

"गुरुजी," ते म्हणाले, "माह्या आज्याले बी मानूस करा."