चोराचा ठसका

गोदामाईची शपथ घेऊन सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एक अक्षर खोटं निघालं तर माझे दात पडू देत. कवळीचे का होईना.

निफाडच्या अलीकडे एका गावात साळूबाईच्या गोवऱ्या चोरीला जायला लागल्या. साळूबाईची गोवरी लाखात ओळखू यायची. लहानपणी दारात सापडून तिची करंगळी वाकडी झालेली, त्यामुळे प्रत्येक गोवरीवर चार बोटं सरळ आणि पाचवं रुसून बाजूला बसल्यासारखं. रोज सकाळी भिंतीवरच्या रांगेत एक-दोन जागा रिकाम्या दिसायच्या. पाटल्या गेल्या असत्या तरी बाई एवढी पेटली नसती.

संशय शेजारच्या फुलाबाईवर. तीस वर्षं दोघी एका ओट्यावर, एकाच कपातला चहा दोन बशांत ओतून पीत आलेल्या. पण फुलाबाईच्या बंबाचा धूर हल्ली वाढला होता, आणि ती कारण नसताना खुशीत दिसायची. आणखी काय पुरावा पाहिजे?

"फुले, तुझं पाणी आजकाल लवकर तापतं गं."

"उन्हाळा हाय ना."

"उन्हाळ्यात एवढा धूर?"

"मग काय, धूर तुला विचारून काढू?"

झालं. दुसऱ्या दिवसापासून चहा बंद. साळूबाई ओट्यावर एकटीच बसायची. चहा कडू लागायचा, आणि त्याचाही राग फुलाबाईवरच निघायचा.

शेवटी ती नातवाकडे गेली. रुद्र इंजिनियर झाला होता, पण नोकरी सोडून मागच्या खोलीत दार लावून 'स्टार्टअप' करत होता. म्हणजे नक्की काय, ते त्याच्या आबांसकट घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "ऑनलाइन आहे" एवढंच तो सांगायचा. आतून चिकटपट्टी फाडल्याचा आवाज यायचा आणि दिवसाआड कुरियरवाला खोकी घेऊन जायचा.

"रुद्रा, चोर धरायचाय. तुझ्या त्या कंप्युटरात काय इलाज हाय का?"

रुद्रच्या हातातली चिकटपट्टी खाली पडली. पोरगं हळवं आहे, असं साळूबाईला वाटलं.

"जाऊ दे ना आजी. आठवड्याला दहा-बारा गोवऱ्यांचं काय एवढं?"

"दहा-बारा? तुला आकडा कुणी सांगितला?"

"अंदाजे गं."

साळूबाईने इथे जरा थांबून विचार केला असता तर मला पुढचं सांगायची तसदी पडली नसती. पण तिचा संशय फुलाबाईच्या दारात खाट टाकून बसला होता, तो काही उठेना.

मग तिनेच इलाज काढला. शेण कालवताना त्यात लवंगी मिरचीची पूड घातली, चांगली दोन मुठी. जो पेटवील तो खोकेल, जो खोकेल तो चोर. एक अख्खी रांग तशी थापली. गोवऱ्या वाळल्या आणि रांगच्या रांग गायब झाली.

साळूबाई फुलाबाईच्या भिंतीला कान लावून बसली. पलीकडे बंब पेटला. धूर वर गेला. पण खोकला नाही, साधी शिंकसुद्धा नाही.

"काय कोडगा घसा बाईचा," साळूबाई पुटपुटली.

त्याच रविवारी रुद्रने घरात बॉम्ब टाकला. नाशिकच्या एका संस्थेने त्याला 'यशस्वी युवा उद्योजक' म्हणून निवडलं होतं. सगळ्यांनी यायचं, फुलाबाईनेसुद्धा. गाडीत साळूबाईने दोघींच्या मध्ये पिशवी ठेवली आणि नाशिक येईपर्यंत तिच्यावरचा हात काढला नाही.

हॉल मोठा, एसीचा, खिडक्या बंद. स्टेजवर निवेदिका सांगत होती, "रुद्र सरांनी परंपरेला पॅकिंग दिलं." आणि तिने एक चकचकीत खोकं उंच धरलं. खोक्यावर सोनेरी पंजा. चार बोटं सरळ, पाचवं रुसलेलं. खाली नाव, 'आजीचा हात'.

साळूबाईने आधी खोक्याकडे पाहिलं, मग आपल्या करंगळीकडे.

"फुले," ती हळूच म्हणाली, "हा माझा हात तिथं कसा गेला?"

"मला नको विचारू. मी चोर हाय ना?"

तेवढ्यात अध्यक्ष म्हणाले, "शुभारंभ आपल्या रुद्रच्याच गोवरीने करू." साळूबाई उठेपर्यंत कापूर पेटला, गोवरीही पेटली.

आधी अध्यक्ष खोकले. मग निवेदिका, मग फोटोग्राफर, मग पुढच्या पाच रांगा. साळूबाईच्या कायद्याने बघायचं तर अख्खा नाशिक जिल्हा चोर निघाला. सगळ्यात जास्त रुद्र खोकत होता, आणि आजीची नजर चुकवत होता.

दोन मिनिटांत तीनशे माणसं बाहेर अंगणात डोळे पुसत उभी होती.

"आजी, यात काय घातलंस?"

"मिरची."

"का पण?"

"चोर धरायला."

"मग?"

"धरला की. पण मागितल्या असत्या तर दिल्या नसत्या का रे?"

"आबा म्हणाले असते, शेण विकायला इंजिनियर केला का." रुद्र पायरीवर बसला. "आता संपलं सगळं. उद्या हेच पेपरात येईल."

इतक्यात हॉलचा वॉचमन तोंडाला उपरणं बांधून बाहेर आला. "साहेब, अजून हायेत का या? आमच्या हॉलात डासांनी लय हैराण केलंय. आता बघा, औषधाला एक उरला नाय."

अध्यक्षांनी रुमालातून डोकं वर काढलं. त्यांचं स्वतःचं लग्नकार्याचं लॉन होतं, गोदेच्या काठाला. "किती मिळतील?" त्यांनी विचारलं, आणि ट्रॉफी अंगणातच दिली. रुद्रने ती आजीच्या हातात ठेवली.

परतताना साळूबाईने पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"फुले, चुकलं माझं. उद्या चहाला ये."

"येईन. पण कप माझा, साखर तुझी."

आता रुद्रच्या तिखट गोवऱ्या पार घोटीपर्यंत जातात आणि फुलाबाई त्यात पार्टनर आहे.

शपथ घेतलीय म्हणून कबूल करते, एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. त्या दिवशी बंबापाशी फुलाबाई खोकली नाही म्हणाले ना, ते. खोकली. चांगली जेवणवेळेपर्यंत खोकली, आणि साळूबाईने भिंतीला कान लावून सगळं ऐकलं. तरी गाडीत 'चुकलं माझं' म्हणाली, कारण एकटीचा चहा तिला फारच कडू लागत होता.