डेम प्रुडन्सची हरवलेली घंटा

"पोलिसांना जे दिसत नाही ते मला नुसत्या वासावरून कळतं," असं फोलाके स्वतःबद्दल सांगायची. इयत्ता नववी, आणि पूर्व लंडनमधल्या तमाम रहस्यांना ही एकटीच वाली! आजवर एकही प्रकरण तिला सोडवता आलं नव्हतं, पण ते त्या प्रकरणांचं दुर्दैव. तस्लिमा तिची मदतनीस. हे पद तिने मागितलं नव्हतं. शेजारच्या बाकावर बसते म्हणून गळ्यात पडलं होतं.

आज मात्र तस्लिमाचीच अब्रू पणाला लागली होती. डेम प्रुडन्स मुलींच्या शाळेत स्थापनादिनाला नववीतली एक मुलगी जुनी पितळी घंटा वाजवते, मगच प्रार्थना सुरू होते. यंदाचा मान तस्लिमाचा. नानी ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली, खुद्द बिशपसाहेब आलेले, आणि घंटा गायब!

"घंटा नसेल तर मोठ्या बाई खेळाच्या तासाची शिट्टी फुंकणार आहेत," तस्लिमा रडवेली झाली. "नानीला कुठल्या तोंडाने सांगू गं?"

"रडू नकोस. माझा संशय गायनाच्या बाईंवर आहे. दोन दिवस त्या गुणगुणत नाहीयेत. गिळली असणार."

"अगं, घसा बसलाय त्यांचा!"

"तेच म्हणते मी. पितळ गिळल्यावर दुसरं काय होणार?"

मग स्वयंपाकघरातलं कस्टर्डचं पातेलं ढवळून झालं. छपरावरच्या एका कबुतराची उलटतपासणीही झाली. ते उडून गेलं, म्हणजे फोलाकेच्या मते फरार झालं. शेवटी दोघी शिक्षकांच्या खोलीच्या दारात येऊन थडकल्या.

आत मेजावर, चहा गरम राहावा म्हणून किटलीला घालतात ती लोकरीची टोपी दिसत होती. त्या खोलीचा कायदा बायबलहून कडक: टोपी काढल्यावर ज्याला किटली रिकामी सापडेल, त्याने सगळ्यांचा चहा करायचा. त्यामुळे सोमवारपासून एकाही शिक्षकाने टोपीला हात लावला नव्हता. "छे छे, आत्ताच झाला," म्हणत सगळे नळाचं पाणी पीत होते.

प्रार्थनेआधी चहासाठी तिथे येऊन बसलेले बिशपसाहेब बिचारे नवखे. त्यांनी कप पुढे ओढला आणि टोपी उचलली. खाली घंटा! शाळेच्या पाद्रीणबाईंनी ती घासून लख्ख केली, धूळ बसू नये म्हणून टोपी घातली आणि त्याच दुपारी तापाने अंथरूण धरलं होतं.

"रंगेहात पकडलं!" फोलाकेने बिशपसाहेबांची बाही धरली. "झगा एवढा ढगळ कशाला, ते आत्ता कळलं!"

"माफ करा हं," बिशपसाहेब म्हणाले. कुणी पायावर पाय दिला तरी आपणच माफी मागायची, ही त्या देशाची खोडच.

"बघ! कबुलीजबाब!"

तस्लिमा ऐकायला थांबलीच नाही. घंटा उचलून ती सभागृहात धावली आणि तिने ती अशी काही घणघणवली की नानी उभी राहून टाळ्या पिटायला लागली. तस्लिमाला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

प्रार्थना मात्र सुरू होईना. बिशपसाहेब कुठे गेले म्हणून मोठ्या बाई स्वतः बघायला गेल्या. तर ते बाह्या सरसावून पाणी उकळत होते, मागे निम्मे शिक्षक कप घेऊन रांगेत उभे होते, आणि गणिताच्या बाई अदबीने सांगत होत्या, "मला साखर दोन चमचे, बिशपसाहेब."