गाडीत उंदीर नाही

एका जंगलात सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटांनी सिंहमहाराजांची गाडी बंद पडली.

वेळ इतकी नेमकी कशी ठाऊक, म्हणाल. तर कोंबड्याला नुकतंच घड्याळ मिळालं होतं. आरवायचं सोडून तो दिवसभर वेळच सांगत हिंडायचा. कोणी विचारो न विचारो.

"नऊ सतरा! महाराज चढावर अडकले हो, नऊ सतरा!"

गाडी महाराजांच्या आजोबांची. पाठ गोल, कासवासारखी. तिचं इंजिन मागे आणि डिकी पुढे. आणि मुलांनो, नीट ऐका, ते इंजिन पाणी पीत नव्हतं. हवा खाऊन थंड व्हायचं. मागच्या झाकणाला जाळी होती. जाळीतून वारा आत गेला की इंजिन खूश. चाळीस वर्षं ते खूशच होतं.

दर दसऱ्याला महाराज या गाडीतून टेकडी चढायचे आणि वरचा हद्दीचा दगड ओलांडायचे. झालं सीमोल्लंघन. मग सगळे आपट्याची पानं लुटायचे. पलीकडच्या जंगलातली माकडं दगडामागे बसून हे सगळं बघायची.

दसरा चौदा दिवसांवर आला होता. म्हणून महाराज सराव करायला निघाले, तर गाडी तापली, खोकली आणि दगडाच्या दोन हात अलीकडे बसली. माकडं हसली. महाराज चालत घरी गेले. गाडी ढकलत छपरात आणली.

हे सगळं चाललं होतं तेव्हा त्याच गाडीत, इंजिनाच्या पंख्यामागच्या कोनाड्यात, सुगंधा नावाची एक उंदरीण पोटाला धरून बसली होती. तिचे दिवस भरले होते. गेल्या दसऱ्याचे झेंडूचे हार तिथे वाळून पडले होते. तेच कुरतडून तिने मऊ घरटं केलं होतं. जागा कोरडी, वर पत्रा, पुढे जाळी. बाळंतिणीला आणखी काय लागतं?

दुपारी तिला पाच पिलं झाली. शेंगदाण्याएवढी. डोळे मिटलेले.

सुगंधाने ती मोजली. एक, दोन, तीन, चार, पाच. मग पुन्हा मोजली. न जाणो, मोजताना एखादं निसटायचं.

छपराच्या भिंतीवर एक पाल राहायची. सुगंधा तिला पालमावशी म्हणायची. मावशी चांगली होती, पण तिला प्रत्येक गोष्टीत शंका.

"चुक चुक. सुगंधे, खाली धामण फिरतेय बघ."

"ठाऊक आहे मावशी. म्हणून तर वर राहते. पिलांचे डोळे उघडले की पळतील तरी. चौदाव्या दिवशी उघडतात ना?"

"उघडतात. पण चौदा दिवस निभायला हवेत."

झालं. सुगंधाने पिलं पुन्हा मोजली.

इकडे महाराजांनी अस्वलाला बोलावलं. अस्वल म्हणजे दगडू मिस्त्री. जंगलातल्या सगळ्या यंत्रांना त्याचाच हात लागायचा. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, नाक लावून वास घेतला आणि म्हणाला, "उघडून बघू."

"उघडून?" महाराजांची आयाळच उभी राहिली. "आमच्या आजोबांचं इंजिन आहे ते! असं कोणीही उघडायचं? समिती बसेल. समिती ठरवेल."

समिती छपरातच, गाडीशेजारी बसली. बगळेसाहेब अध्यक्ष. ते एका पायावर उभे राहून विचार करायचे, म्हणून सगळ्यांना वाटायचं की विचार खोल आहे. हत्ती आणि चित्ता सदस्य. मिस्त्रीला दारात बसवलं.

बगळेसाहेब म्हणाले, "इंजिन म्हातारं झालंय हे उघड आहे. प्रश्न एवढाच, की नवीन कोणतं?"

"मोठं," हत्ती म्हणाला. "दुप्पट मोठं. लहान वस्तूत जीव नसतो."

"मोठं काय करायचंय?" चित्ता म्हणाला. "वेग पाहिजे वेग. दोन कार्बोरेटर बसवा. दगड कधी गेला ते कळणारसुद्धा नाही."

"तुला वेगाचं काय? तू शंभर पावलं पळतोस आणि दिवसभर धापा टाकतोस."

"आणि तू बसलास तर गाडीच उरत नाही!"

"शांतता," बगळेसाहेब म्हणाले. "मूळ दोष मी सांगतो. या इंजिनात पाणीच नाही. पाण्यावाचून जगात काही थंड राहतं का? पाण्याचं इंजिन घ्या. पुढे रेडिएटर बसवा. चांगला ऐसपैस." मग जरा दबकत त्यांनी विचारलं, "त्यात मासे राहतील का हो, मिस्त्री?"

मिस्त्री म्हणाला, "उघडून बघू."

त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

प्रत्येक बैठकीचे कागद व्हायचे. हत्तीचं टिपण, चित्त्याचं टिपण, बगळेसाहेबांचं दोन्हींवरचं टिपण. महाराजांच्या गाडीची कागदपत्रं महाराजांच्या गाडीतच राहावीत, असा नियम होता. म्हणून ती मागच्या सीटवर ठेवायचे.

सुगंधाला आनंद झाला. कागद कसा छान, जाड! ती रोज दोन-तीन पानं कुरतडून आणायची. एका पिलाखाली हत्तीचं टिपण, दुसऱ्याखाली चित्त्याचं. घरटं फुगत गेलं. जाळीला जाऊन टेकलं.

पाचव्या दिवशी समितीने गाडी चालू करून पाहिली. सराव झाला तेव्हा गाडी वीस मिनिटं तरी चालली होती. आज नऊ मिनिटांत बसली.

"पाहिलंत?" बगळेसाहेब म्हणाले. "दोष वाढतोय. बैठका वाढवा."

बैठका वाढवल्या. कागद वाढले. घरटं वाढलं. नवव्या दिवशी गाडी चार मिनिटांत बसली.

"चार मिनिटं! फक्त चार!" कोंबडा ओरडत गेला.

पत्रा तापला होता. पिलं त्या उबेत आणखी गाढ झोपली होती. सुगंधा मात्र पाचही पिलं पोटाशी घेऊन जीव मुठीत धरून बसली होती.

"चुक चुक," भिंतीवरून मावशी म्हणाली. "सुगंधे, एक विचारू? रागावू नकोस हं. हे इंजिन हवा खातं म्हणतात. ती हवा येते कुठून?"

"जाळीतून."

"आणि जाळीशी काय आहे?"

सुगंधाने जाळीकडे पाहिलं. तिथे झेंडू होता. टिपणं होती. तिची पाच पिलं होती.

तिने पाचही पिलं आणखी जवळ ओढली.

"मावशी, म्हणजे माझ्यामुळे?"

"मी काही म्हटलं नाही. मी फक्त चुकचुकले."

त्या दिवसापासून सुगंधाला घास जाईना. सांगावं, तर घर जातं आणि खाली धामण. न सांगावं, तर एक दिवस हे लोक इंजिनच उपटतील, पिलांसकट. पिलांचे डोळे उघडायला अजून पाच दिवस होते. तिला फक्त तेवढेच हवे होते.

दहाव्या दिवशी समितीचं ठरलं. कोणाचं मन मोडायला नको म्हणून सगळ्यांचं ऐकलं. इंजिन हत्तीच्या मापाचं, त्याला चित्त्याचे दोन कार्बोरेटर आणि पुढे बगळेसाहेबांचं पाणी. जुनं इंजिन नवमीला काढायचं, नवं बसवायचं, दशमीला दसरा.

सुगंधाने बोटं मोजली. नवमी म्हणजे चौदावा दिवस. सकाळी डोळे उघडतील, दुपारी पळू. तिने सुस्कारा सोडला.

तेवढ्यात दारातून मिस्त्री म्हणाला, "नवमीला जमणार नाही."

"का?"

"खंडेनवमी आहे. पाने, पक्कड, हातोडी, सगळं पाटावर मांडतो आम्ही. हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी हत्याराला पूजेशिवाय हात लागत नाही. माझ्या बापाने कधी लावला नाही."

"बरोबर आहे," महाराज म्हणाले. "रीत ती रीत. मग एक दिवस अलीकडे घ्या. अष्टमीला काढा."

एक दिवस. मुलांनो, तुमचा एक दिवस खेळण्यात जातो. उंदराच्या पिलाचे तेवढ्यात डोळे उघडतात.

सुगंधा धावत मिस्त्रीच्या अंगणात गेली. वाटेत धामण आहे हेसुद्धा ती विसरली.

"मिस्त्रीदादा, पाया पडते. इंजिनात काही बिघाड नाही. मीच आहे आत. माझी पिलं आहेत."

मिस्त्री मध खात होता. बोट चाटून म्हणाला, "ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"पहिल्याच दिवशी चूं ऐकलं मी. म्हणून म्हटलं, उघडून बघू."

"मग सांगितलं का नाही?"

"मला विचारलंय का कोणी? तू सांग. तुझं घर आहे."

सुगंधा रात्रभर पिलं मोजत बसली. सकाळी ती समितीपुढे जाऊन उभी राहिली. पाय लटलट कापत होते. पण आईचे पाय कापले तरी चालतात.

"महाराज, चूक माझी आहे. हवेच्या वाटेवर मी घरटं केलंय. इंजिन चांगलं आहे. मला चारच दिवस द्या. पिलांचे डोळे उघडले की मी घरटं काढते, झाडून देते. गाडी पहिल्यासारखी धावेल. नवं इंजिन नको."

कोंबडा वेळ सांगायचा विसरला.

मग बगळेसाहेबांनी पाय बदलला. "बाई, दोष एवढासा असता, तर आम्ही एवढे मोठे जीव अकरा दिवस कशाला बसलो असतो?"

"पण मी खरंच..."

"आणि आमच्या आजोबांच्या गाडीत उंदीर?" महाराज गरजले. "पलीकडच्या माकडांना कळलं तर? लिहा! ठराव लिहा!"

ठराव लिहिला. 'महाराजांच्या गाडीत उंदीर नाही.' एकमताने मंजूर. सुगंधा समोरच उभी होती. तिला बाजूला व्हायला सांगितलं, कारण सही करायला टेबल हवं होतं.

ठराव गाडीच्या मागच्या सीटवर ठेवला. त्या संध्याकाळी सुगंधाने तो ओढून आणला. रागाने कुरतडणार होती, पण कागद नवा होता, मऊ होता. तिने तो तसाच पिलांच्या उशाशी लावला.

अष्टमी उजाडली. मिस्त्री पाने घेऊन आला. सुगंधा पिलांवर आडवी पडली आणि तिने डोळे घट्ट मिटले. आता आईचे आणि पिलांचे, सगळ्यांचेच डोळे मिटलेले होते.

"न उघडता काढ," महाराजांनी बजावलं. "आजोबांचं आहे."

"न उघडताच काढतो," मिस्त्री म्हणाला. त्याच्या मिशीत काहीतरी हललं. मध असेल किंवा हसू असेल.

त्याने बोल्ट सोडले. मग पत्रे, पंखा, घरटं, सगळ्यासकट ते इंजिन दोन्ही हातांत उचललं. जत्रेत झोपलेलं पोर उचलतात, तसं. आणि आपल्या अंगणात नेऊन सावलीला ठेवलं. अस्वलाच्या अंगणात धामण फिरकत नसे.

नवमीला मिस्त्रीने पाने पाटावर मांडले. शेजारी ते जुनं इंजिनही होतं. त्यालाही हळदकुंकू लागलं. आत चौदावा दिवस होता. एक डोळा उघडला. मग दुसरा. मग आणखी आठ. पिलांनी जगात पहिली जी गोष्ट पाहिली, ती म्हणजे उशाचा कागद.

"आई, यावर काय लिहिलंय?"

"लिहिलंय, महाराजांच्या गाडीत उंदीर नाही."

"खरं आहे का ते?"

सुगंधाने आजूबाजूला पाहिलं. गाडी दूर छपरात होती. "आजपासून खरं आहे," ती म्हणाली आणि पिलं मोजली. पाच.

दशमीला वाजतगाजत गाडी निघाली. नवं इंजिन मागे मावत नव्हतं, म्हणून मागची सीट काढली होती. बगळेसाहेब रेडिएटरवर एक डोळा ठेवून उभे होते. टेकडीचा चढ लागला. मागचं ओझं एवढं, की पुढची चाकं वर उचलली गेली. महाराजांना फक्त आभाळ दिसू लागलं. मग पाणी सांडलं, इंजिन फुरफुरलं आणि गाडी उलटी निघाली.

ती टेकडीवरून खाली आली. छपरापुढून गेली. मिस्त्रीच्या अंगणावरून गेली. पिलांनी हात हलवले. जंगल संपलं, तरी ती थांबली नाही. खालच्या अंगाचा हद्दीचा दगड मागच्या बाजूने ओलांडून ती चिखलात बसली.

"दहा बेचाळीस!" कोंबडा म्हणाला.

सगळे धावले. महाराज चिखलात बसले होते. सगळे अध्यक्षांकडे बघू लागले. शेवटी बगळेसाहेबांनी एक पाय वर घेतला.

"सीमोल्लंघन झालेलं आहे. सीमा ओलांडायची, एवढंच रीतीत आहे. कोणती, आणि तोंड कुठे करून, ते कुठेही लिहिलेलं नाही."

टाळ्या झाल्या. आपटा लुटला. समितीला पुढच्या वर्षीसाठी मुदतवाढ मिळाली.

दिवाळीपर्यंत पिलं मोठी झाली. सुगंधाने शब्द पाळला. घरटं काढलं, जाळी झाडली. मिस्त्रीने इंजिन सुरू केलं. ते भुर्र करून चाललं ते चालतच राहिलं. मिस्त्रीने त्यावर पिठाची गिरणी टाकली. गिरणीत पीठ सांडतंच. सुगंधा आणि पाच पिलं तिथेच राहतात. ती अजून रोज त्यांना मोजते. पालमावशीही तिकडेच राहायला आली आहे. ती म्हणते, पीठ जरा जाडंच पडतंय.

तात्पर्य : नेहमी खरं बोलावं, आणि मोठ्यांच्या बैठकीत तर अवश्य बोलावं. कोणी ऐकत नाही, त्यामुळे खरं बोलणाऱ्याचं काही वाईट होत नाही.

आणि हो, एवढं एक काम करा. तुमच्या ओळखीत कोणाची हवेने थंड होणारी जुनी गाडी असेल, आणि ते नवं इंजिन कोणतं घ्यावं म्हणून डोकं धरून बसले असतील, तर त्यांना निरोप द्या. म्हणावं, आधी उघडून बघा. पण हळू उघडा. आत कोणाची तरी पोरं झोपलेली असतील.