टेंबेकाकांचा टोगो

टेंबेकाकांना कुणी 'कसे आहात?' असं विचारलं, की ते टोगोत पाऊस कसा झाला ते सांगतात. चटकन आटोपतही नाहीत, कारण टोगोच्या दक्षिणेला वर्षातून दोन पावसाळे, उत्तरेला एक, आणि काकांची या तिन्हींबद्दल वेगवेगळी मतं आहेत.

हे सगळं मी जिन्यात उभा राहून ऐकलेलं आहे. जर्मनीतल्या इंगोलश्टाटमध्ये आम्ही एकाच इमारतीत राहतो, ते तिसऱ्या मजल्यावर आणि मी दुसऱ्या. मोटारीच्या कारखान्यात तीस वर्षं ते मोजमापाच्या खात्यात आहेत. गाडीचं दार आणि गाडी यांच्यात फट किती असावी, या एका प्रश्नावर त्यांची हयात गेली. मीही त्याच कारखान्यात आहे, पण सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे ते मला अजून इंजिनिअर धरत नाहीत.

टोगो कुठे आहे हे ठाऊक नसेल तर लाजू नका, मलाही नव्हतं. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घाना आणि बेनिन यांच्यामध्ये अंग चोरून उभा असलेला हा एक अरुंद देश. काकांचं वर्णन, जर्मन 'आल्झो'ने म्हणजे 'तर'ने सुरू होणारं, असं: "आल्झो, आपलं कोकण समुद्राच्या कडेने झोपलंय. टोगो समुद्राला पाय लावून झोपलाय." किनारा जेमतेम छप्पन्न किलोमीटरचा. ऑटोबानवर, म्हणजे जर्मन महामार्गावर, अर्ध्या तासात संपला असता, असं ते खेदाने सांगतात. राजधानी लोमे थेट घानाच्या सरहद्दीला चिकटलेली आहे, तेही त्यांना मुळीच पसंत नाही. देवघर कुणी कुंपणाला लागून बांधतं का, असं त्यांनी मला दोनदा विचारलं आहे. लोमेचं बंदर मात्र खोल पाण्याचं. ज्यांना समुद्रच नाही अशा शेजाऱ्यांचा माल तिथे उतरतो आणि वर उत्तरेला जातो, याचा त्यांना स्वतः बांधल्यासारखा अभिमान आहे.

त्यांच्याबरोबर सुपरमार्केटात जाणं मी सोडून दिलं. चॉकलेटच्या फळीपाशी ते चष्मा कपाळावर चढवून एकेक वडी उलटी करून वाचतात. कोको घानाचा निघाला की "शेजारचाच आहे" म्हणून ठेवून देतात. तिथल्या मुलीने एकदा काय हवंय असं विचारलं, तर काकांनी तिला टोगोत कापूस, कोको, कॉफी आणि फॉस्फेट यांचं महत्त्व समजावून दिलं. मागे रांग लागली होती. ती बिचारी 'गेनाऊ, गेनाऊ', म्हणजे 'बरोबर, बरोबर', करत होती आणि मी दह्याच्या डब्यांवरच्या तारखा वाचत होतो.

कारखान्यातल्या साहेबालाही त्यांनी सोडलेलं नाही. टोगो एके काळी जर्मनांच्या ताब्यात होता. तुमच्याच पणजोबांनी तिथे रेल्वे घातली, असं काकांनी त्याला भर मीटिंगमध्ये ऐकवलं. साहेब पक्का बव्हेरियन, इथल्याच मातीतला. आपले पणजोबा गावाबाहेर कधी गेलेच नाहीत, असं तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला.

गणपतीत तर कहर झाला. आमच्या मराठी मंडळात काकांना 'जर्मनीतलं निवृत्तिवेतन' या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं होतं. लोक वह्या घेऊन बसले होते. काका निळा ऑर्डनर काखेत मारून उभे राहिले. ऑर्डनर म्हणजे जाडजूड फाइल, जिच्यात जर्मनीतला माणूस जन्मदाखल्यापासून भाडेकरारापर्यंत सगळं लावून ठेवतो. काकांच्या ऑर्डनरमध्ये टोगो होता. भूगोल, अर्थव्यवस्था, शासन असे तीन भाग, रंगीत पुठ्ठ्यांनी वेगळे केलेले. पाच प्रांतांची नावं त्यांनी दक्षिणेकडून उत्तरेकडे आणि मग खात्रीसाठी उत्तरेकडून दक्षिणेकडे घेतली. मोदक गार झाले. अध्यक्षीणबाईंनी चिठ्ठी पाठवून पेन्शनची आठवण केली, तर ती वाचून काका म्हणाले, की तिकडेही हा प्रश्न आहेच.

मध्यंतरी टोगोची राज्यघटना बदलली, तेव्हा काका आठवडाभर जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. पूर्वी राष्ट्राध्यक्षाला लोक निवडून देत. आता त्याला संसद निवडते, आणि खरी सत्ता मंत्रिपरिषदेच्या अध्यक्षाकडे गेली. काकांना तिसरा भाग सगळा नव्याने टाइप करावा लागला. कोण का बसेना, असं मी म्हणालो, तर चिडले. "घरातल्या किल्ल्या कुणाच्या कमरेला आहेत, ते कळायला नको?" त्या वेळी मी हसलो होतो.

गेल्या ऑक्टोबरात एका शनिवारी काका माझ्या दारात आले. टोगोबद्दल अक्षरही न काढता त्यांनी विचारलं, उद्या अकराला कोट घालून वर येशील का. काय आहे म्हटलं, तर खाली बघत म्हणाले, "मुक्ताला मागणी घालायला येतायत. मुलीकडचं कुणीतरी हवं ना. मी एकटाच आहे."

मुक्ता त्यांची एकुलती एक मुलगी. हायडेलबर्गला पाण्यावर संशोधन करते. इथेच वाढलेली, मराठी सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. काकू जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा कोण, म्हणून मी विचारलं. कोजो नावाचा, तिच्याच विद्यापीठातला, टोगोचा. तिकडे जन्मवारावरून नाव ठेवतात, सोमवारी झाला की कोजो. "शंकराचा वार आहे," काका म्हणाले.

मग ते माझ्या स्वयंपाकघरात बसले आणि मी आजवर न ऐकलेलं बोलले. दोन वर्षांपूर्वी मुक्ताने कोजोबद्दल सांगितलं, तेव्हा त्यांनी एका दमात विचारलं होतं: गाव कोणतं, घरचं काय आहे, घरात कुणाचं चालतं. आपल्याकडे बाप हेच विचारतो, त्यात वाईट काही नव्हतं. पण मुक्ता ताडकन उठली. ही पोलिसांची चौकशी नाही, असं म्हणाली आणि मिळेल त्या गाडीने परत गेली. पाच महिने आली नाही. आली ती एका अटीवर, की पप्पांनी कोजोबद्दल एकही प्रश्न विचारायचा नाही. त्यांनी शब्द दिला.

"विचारायचं नाही म्हणाली," काका म्हणाले. "वाचायचं नाही असं नाही म्हणाली."

मी चहा गाळत होतो, तो तसाच थांबलो. गाव कोणतं म्हणजे भूगोल. घरचं काय म्हणजे अर्थव्यवस्था. घरात कुणाचं चालतं म्हणजे शासन. मुलाची चौकशी करायला बंदी होती, म्हणून या माणसाने अख्ख्या देशाची चौकशी केली होती.

"हे खातं तुझ्या काकूचं होतं रे," ते म्हणाले. "ही असती तर दोन फोनमध्ये पणजोबांपर्यंत पोचली असती. मी कुणाला फोन लावू? लोमेत आपलं कोण आहे?" गुहागरच्या थोरल्या भावाला, अण्णांना, त्यांनी यातलं काहीच कळवलं नव्हतं. अण्णा पहिलं गाव विचारणार, मग घर, मग माणसं, आणि आपल्यापाशी उत्तरं नाहीत या धास्तीने त्यांनी दोन वर्षं फोनच केला नव्हता. मला गणपतीतलं आमचं खिदळणं आठवलं आणि लाज वाटली.

रविवारी काकांनी पोहे केले. म्युनिकहून आणलेले पोहे त्यांनी मोजून भिजवले तरी गोळा झाला. अकराला दारावर तीन थापा पडल्या. बेल असताना कोण थापा मारतंय, म्हणून मी उठलो, तर काकांनी मला बसवलं. मागणी घालायला येणारा दार ठोठावतो, ही त्यांच्याकडची रीत आहे, ऑर्डनरच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहे, असं त्यांनी कुजबुजून सांगितलं आणि स्वतः दार उघडलं. मुक्ता, उंच आणि घाबरलेला कोजो, आणि त्याचे मामा. मामा बाड हॉम्बुर्गला शाळेत फ्रेंच शिकवून निवृत्त झालेले, इस्त्रीच्या सुटातले गृहस्थ.

सगळे बसले. काकांनी दिलेल्या शब्दाला जागून एकही प्रश्न विचारला नाही. दहा मिनिटं पोह्यांचे चमचे तेवढे वाजले. मुक्ता एकदा बापाकडे बघायची, एकदा टेबलावरच्या निळ्या ऑर्डनरकडे.

शेवटी मामांनी बशी खाली ठेवली आणि खिशातून एक छोटी वही काढली. ते संथ जर्मनमध्ये म्हणाले, की बहिणीने घरादाराची नीट विचारपूस करून ये म्हणून सांगितलंय, तेव्हा राग मानू नये. वहीत बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला.

"टेंबेसाहेब, यंदा तुमच्याकडे पाऊस कसा झाला?"

काकांचा चेहरा उजळला. "आल्झो, दक्षिणेतला पहिला पावसाळा..."

"नाही, नाही," मामा म्हणाले. "टोगोत नाही. गुहागरला."

 तीस वर्षांत जर्मनीत कुणी काकांना हे विचारलं नव्हतं. मीही नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, तरी डोळे भरलेलेच होते. मुक्ता उठून त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"माहीत नाही," काका म्हणाले. "विचारून सांगतो." आणि सगळ्यांदेखत त्यांनी गुहागरला फोन लावला.

त्यांना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता. पाऊस कसा झाला, म्हणून त्यांनी विचारलं. पलीकडून अण्णा म्हणाले, "दोन वर्षांनी फोन केलास तो पाऊस विचारायला? बरा झाला. शेवटी शेवटी भात आडवं केलंन थोडं. का रे, कोण विचारतंय?"

काकांनी कोजोकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. खांद्यावरचा मुक्ताचा हात त्यांनी धरला होता.

"मुक्ताच्या सासरचे विचारतायत."

फोनमधून भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग अण्णा खुर्ची ओढून बसले असावेत.

"अस्सं," ते म्हणाले. "गाव कोणतं?"

काकांनी ऑर्डनर जवळ ओढला आणि पहिलं पान उघडलं.