चारमाणसी पाटील

खामगावच्या कापसाच्या जिनवाल्या शेटजींनी काढलेल्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात त्या दिवशी नुसती धांदल उडाली होती. उकंडराव पाटलांच्या नातीची पाठवणी फाटकावरून जायची होती आणि पाटील अजून आपल्या खोलीत बाजेवरच! पोरगी सासरी जाण्याआधी तिला एकदा डोळे भरून पाहायचं, एवढाच त्यांचा ध्यास. पाटीलकी गेली तरी पोट मात्र गेलं नव्हतं.

आश्रमातले मदतनीस मोतीराम आणि सईद पूर्वी जिनात हमाल होते. माणूस हलवायचा झाला, की आधी नजरेनं वजन घ्यायचं, मग एकमाणसी की दोनमाणसी ते ठरवायचं, ही त्यांची रीत.

"चारमाणसी माल हाय," मोतीरामनं निकाल दिला. "बाजेसकट उचलू!"

"अरे, मले जरा..." पाटलांनी तोंड उघडलं.

"बोलू नका पाटील, दम जपा!"

देखरेखीच्या गीताबाई म्हणाल्या, "अरे, त्याहिले इचारा तरी!"

"बाई, कापसाच्या गाठीले कोनी इचारते काय?" सईद हसला.

स्वयंपाकी इंद्रभान आणि माळी तुळशीराम धावत आले. चौघांनी बाज उचलली अन् ती दारात गच्च अडकली! बाज खोलीतच ठोकून विणलेली, दाराबाहेर कधी गेलीच नव्हती. तिकडे वाजंत्री जवळ येत होती.

"आडवी करा!"

"अबे, पाटील पडतीन ना!"

"मंग तिरपी करा!"

मोतीरामनं आतून उशाकडची बाजू वर उचलली. पाटील घसरत घसरत बाहेर ओसरीवर उतरले आणि चक्क उभे राहिले. मोतीरामची कंबर मात्र तिथंच धरली. तो कण्हत बाजेवर आडवा झाला.

"माही काठी!" पाटील गरजले. "बाजेखाली होती! मघापासून तेच सांगून राह्यलो!"

गीताबाईंनी आतून काठी सरकवली. एका हातात काठी, दुसरा सईदच्या खांद्यावर, असे पाटील फाटकाकडे झपाट्यानं निघाले. बैलांची दमणी थांबली. नातीनं खाली उडी मारून आजोबांना मिठीच घातली. म्हातारा रडला, हसला, अन् त्यानं वाजंत्रीवाल्यांना आणखी जोरात वाजवायला लावलं. सईदनंही डोळे पुसले.

परत येऊन बघतात तर बाज दारात आणि मोतीराम बाजेवर.

"दोनमाणसी," सईद म्हणाला.

"हट! तीन लागतीन," इंद्रभान म्हणाला.

"अबे, मले जरा..." मोतीराम विव्हळला.

"बोलू नको भाऊ, दम जप!"

पाटलांनी सगळ्यांना बाजूला सारलं. बाजेवर वाकून त्यांनी विचारलं, "मोतीराम, तुले काय पाह्यजे रे?"

"काठी," मोतीराम म्हणाला.