बघायचं स्थळ, नांदायचं स्थळ

आमच्या तेलगावात कुणाच्या मुलीला स्थळ आलं की लोक मुलाची उंची, शिक्षण आणि नोकरी विचारतात. गंगाधरआण्णा मुलाचं नावसुद्धा विचारत नाहीत. ते विचारतात, "गावाची चतुःसीमा काय?"

गाव म्हणजे लंडन असलं तरी प्रश्न हाच. पूर्वेला काय, पश्चिमेला काय, नदी कोणत्या अंगाला, पूर आला तर पाणी कुठवर चढतं. आण्णा तलाठी होते. पावसात पडलेली घरं, गारपिटीनं झोपलेली ज्वारी, बांधावरची भांडणं, अशा सगळ्यांची स्थळ पाहणी करून पंचनामे लिहिण्यात त्यांची नोकरी गेली. निवृत्त झाले तरी हात थांबेना, मग ते लग्नाच्या स्थळांकडे वळले. "स्थळ म्हंजी जागा, सर," ते मला म्हणाले होते. "तुमी नुसता पोरगा बघून येता अन् म्हणता स्थळ बघितलं. जागा कोण बघायची?"

मी त्यांचा शेजारी. हायस्कुलात भूगोल शिकवतो, म्हणून जगातलं कोणतंही शहर आधी माझ्या ओट्यावर येतं. पण माझा भूगोल आण्णांच्या काही कामाचा नाही. लंडनचे अक्षांश सांगायला लागलो तर म्हणतात, ते ऱ्हाऊ द्या, धुणं किती दिवसांत वाळतं ते सांगा. आता हे कोणत्या पुस्तकात असतं? मग आण्णा त्या शहरात आपल्याकडचं कोण आहे ते हुडकतात, त्याला व्हिडिओ कॉल लावतात आणि मोबाईल घेऊन घरभर, जिनाभर, गल्लीभर फिरायला लावतात. ओळख असो नसो, माणूस बिचारा फिरतो.

मग पंचनामा. निळ्या शाईत, एका पानात, खाली पाच पंचांच्या सह्या. पंच म्हणजे आम्हीच, हॉटेलात चहाला बसलेले. आमच्यातला एकही पुण्याच्या पुढं गेलेला नाही, पण न्यूयॉर्कच्या कागदावर आम्ही बिनदिक्कत सह्या केल्या आहेत. शेवटी शेरा असतो आणि तो नेहमी दोन कलमांचा. एक, बघायला कसं. दोन, नांदायला कसं. राहायला हा शब्द आण्णांना चालत नाही. माणूस लॉजवर राहतो, घरात नांदतो, असं त्यांचं म्हणणं.

न्यूयॉर्क बघायला मान मोडेपर्यंत, नांदायला नाही, कारण वरच्या मजल्यावरच्या बाईनं हाक मारली तर खाली ऐकू येत नाही. दुबई बघायला दोन दिवस, नांदायला दोन वर्षं, त्यावर नाही. बसायला ओटा नाही. टोकियोवर ते आठवडाभर अडले होते. तिथं गाडी मिनिटाचाही उशीर करत नाही, हे कळल्यावर त्यांना त्या शहराची काळजीच वाटली. "गाडी येळेवर येती म्हंजी उशीर झाल्यावर बाईनं घरी सांगायचं काय?" आमच्या एसटीनं पिढ्यान् पिढ्या जी सबब पुरवली, ती तिथं मिळणार नव्हती. टोकियो नापास झालं.

पॅरिसचा जिना अरुंद निघाला, पलंग वर जाणार नाही म्हणून आण्णांनी तेही नापास केलं. मुलीच्या घरच्यांनी ऐकलं नाही. लग्न झालं आणि दोन महिन्यांनी मुलीनं फोटो पाठवला, पलंग यंत्रानं उचलून खिडकीतून आत घेतला होता. आण्णांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि पुरवणी पंचनामा लिहिला. चूक कबूल करायची त्यांची हीच रीत.

आमच्यातला सखाराम दर वर्षी दिवाळीनंतर बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो. चहा पिता पिता तो म्हणाला, "आण्णा, पंचवीस वर्सं झाली, निम्मं साल आमी सांगलीकडं उसाच्या फडात पाचटाच्या कोपीत नांदतो. पर सांगली काई बघितली न्हाई. ते कोन्त्या कलमात बसतं?" आण्णांनी पेनाला टोपण लावलं. त्या दिवशी पुढचं शहर काही झालं नाही.

हसणाऱ्यांत मी पुढंच होतो. पण हे खूळ कुठून आलं ते मला माहीत होतं. आण्णांची एकुलती एक मुलगी अर्चना. तिच्यासाठी पुण्याचं स्थळ आलं तेव्हा आण्णा स्वतः जाऊन बघून आले होते. लिफ्ट, गॅलरी, समोर बाग, सगळं झकास म्हणाले. आठ महिन्यांत अर्चना एक बॅग घेऊन परत आली. तिथं तिला बोलायची सोय नव्हती. माहेरी फोन करायचा तर विचारून, आणि विचारलं की भांडण. आण्णांनी तिला एका शब्दानं बोल लावला नाही. स्वतःला मात्र लावला, आणि अजून लावतात. मी बघायला गेलतो, एवढंच म्हणतात.

अर्चना पुढं नर्सिंग शिकली, जर्मन शिकली आणि बर्लिनच्या एका दवाखान्यात लागली. मधल्या काळात तिची आई गेली. आण्णा घरात एकटे. या नोव्हेंबरात दवाखान्यानं तिला कायम करायचं ठरवलं आणि सोमवारपर्यंत उत्तर मागितलं. सही केली की ती तिकडचीच झाली. तिनं शुक्रवारी फोन करून सांगितलं, "आण्णा, तुमी पंचनामा करा. तुमी म्हणताल तसं करते. ये म्हणलात तर येते."

रविवारी दुपारी चारला आम्ही दोघं आण्णांच्या पडवीत कापसाच्या ढिगाला टेकून बसलो. बाकीच्या पंचांना त्यांनी बोलावलंच नव्हतं. बर्लिनमध्ये सकाळचे साडेअकरा वाजले होते, पण उजेड आपल्याकडच्या दिवेलागणीसारखा होता. ऊन कधी पडतं, आण्णांनी विचारलं. मार्चात, ती म्हणाली. दुकानं बंद का? रविवारी असतात. शेजारी कोण? एक आजी आहेत, रविवारी मिक्सर लावला तर दाराला चिठ्ठी चिकटवून जातात.

"चिठ्ठी?" आण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. "दार वाजवून भांडत न्हाई?"

एकेक उत्तर आलं की आण्णांचा चेहरा खुलत होता. शहर नापास होत चाललं होतं. अर्चना रस्त्यावर आली आणि तेवढ्यात फोन हिंदकळला. आम्हाला आधी ढग दिसले, मग तिचे बूट, आणि ऐकू आला तिचा आवाज. जर्मनमधून, खणखणीत, न थांबता. समोरचा माणूस काहीतरी पुटपुटला. ती आणखी चढली. कुणी एक बाईही तिच्या बाजूनं बोलायला लागली. मग अर्चनाचा लाल झालेला चेहरा परत समोर आला.

"फुटपाथवरनं सायकल घालत व्हता, आण्णा. मी सोडते का त्याला."

आण्णा तिच्याकडे बघत राहिले. ही मुलगी आठ महिने पुण्यात भूक लागली म्हणायलाही घाबरत होती.

"अर्चना," ते म्हणाले, "नांदायला चांगलं हाय. सही करून टाक."

"बरं, आण्णा," एवढंच ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

सही करायला मी कागद मागितला. आण्णा देईनात. मी त्यांच्या हाताखालून ओढला. पंचनामा आधीच लिहून तयार होता, स्वच्छ निळ्या शाईत. ऊन नाही, माणूस नाही, शेजार नाही, स्थळ नांदण्यास अयोग्य.

"सकाळीच लिहून ठिवलता," ते म्हणाले. "नोकरीत असं कदी केलं न्हाई. ती यावी वाटत व्हतं, सर. दुसरं काय."

त्यांनी कागद फाडला. नंतर बराच वेळ मोबाईल हातात फिरवत बसले आणि एकदम म्हणाले, "तिला असं तर वाटलं न्हाई ना, की बापाला आपुन नको हावोत?"

मी नाही म्हणालो, पण खात्री मलाही नव्हती. एकदा परत आलेल्या मुलीला काय ऐकू येईल ते कुणी सांगावं? पुन्हा फोन लावा, म्हणालो. त्यांनी लावला. ती उचलेपर्यंत काय बोलायचं ते ओठांतल्या ओठांत घोकत होते. ऐनवेळी मात्र जमेना. जेवलीस का, थंडी किती, असं काहीबाही विचारून झालं.

आमच्याकडे कापूस घरात आला की आधी लेकीची रिकामी खोली भरते. अवकाळीची भीती असते, पडवीत कुणी ठेवत नाही.

"अर्चना," आण्णा म्हणाले, "यंदा कापूस पडवीतच ठिवलाय. तुजी खोली मोकळी हाय."