हलायचं नाव न घेणारी रायफल

क्लबाच्या वार्षिक नेमबाजीत हेडक्लार्क पुन्हा शेवटून पहिला आला. घरी येऊन त्याने बूट काढले, पंख्याखाली बसून शांत डोक्याने विचार केला आणि दोष रायफलीचा आहे असं ठरवून टाकलं.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

"वाकडं आहेच मुळी अंगण!" हेडक्लार्क उसळला. "आणि मी ते सरळ करून दाखवणार आहे!"

(ऑफिसात त्याने आजवर एकही गोष्ट सरळ केलेली नव्हती, पण तो मुद्दा इथे गौण.)

खरं तर बायकोचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं. तिचे वडील एके काळचे क्लबाचे अव्वल नेमबाज. पॉइंट टू-टूची ही रायफल त्यांचीच. गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा त्यांनी ती रीतसर कागदपत्रं करून जावयाच्या हवाली केली होती. बायको लहानपणापासून टार्गेटचे कागद बघत आलेली. तिने नवऱ्याचा कागद खिडकीच्या उजेडात धरला.

"बघा, सगळ्या गोळ्या डावीकडे खाली. चाप ओढताना तुम्ही हात हलवता."

"हात नाही हलत. रायफल हलते."

"आणि रायफल कोण हलवतं?"

ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते आपल्या बाजूचं नाही हे ओळखून हेडक्लार्कने कागद तिच्या हातून काढून घेतला.

प्रकरण तिथेच मिटलं असतं, पण त्याला एक मेहुणा होता. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. त्याचा हात जराही हलत नाही असं त्याचे सगळे पेशंट म्हणत. (निदान हलतो असं कोणी म्हटलेलं नव्हतं. तोंडात अवजारं असताना म्हणणार तरी काय!) तो सासऱ्यांसमोरच म्हणाला, "भावजी, बाबांची रायफल तुमच्याकडे नुसती वाया जातेय. माझ्याकडे द्या ना."

"वाया जातेय म्हणजे? दर रविवारी वापरतो मी!"

"तेच म्हणतोय मी."

सासरे जुन्या शिस्तीचे. त्यांनी पेपर खाली ठेवला. "भांडू नका. महिनाअखेरीला क्लबाची टेकूची स्पर्धा आहे, रायफल टेकूवर ठेवून मारायची. तुम्हा दोघांत ज्याचे गुण जास्त, रायफल त्याची. कायमची. काय जावईबापू, कबूल?"

"कबूल!" हेडक्लार्क म्हणाला. आवाज ताठ होता, पण रायफल जाणं त्याला परवडणारं नव्हतं. ऑफिसात वरचे त्याला ओरडत आणि खालचे त्याचं ऐकत नसत. फक्त रविवारी रायफलीला गाल टेकला की तासभर कोणाचं काही ऐकावं लागत नसे. (कानांवर आवाज अडवायचे जाडजूड मफ असत, हेही एक कारण.) ती रायफल गेली तर त्याचा रविवारसुद्धा सोमवारच होणार होता. नाही, रायफल द्यायची नाही! जान गेली तरी बेहत्तर!

दुसऱ्याच दिवसापासून सुधारणा सुरू झाल्या. गाल नीट टेकावा म्हणून सोफ्याच्या उशीचा एक कोपरा रायफलीच्या दस्त्यावर चढला. मग रायफलीवर सेकंडहँड दुर्बीण आली. तिच्यातून इतकं मोठं दिसे, की समोरच्या गच्चीवर वाळत टाकलेल्या टॉवेलवरचा डाग बघून हेडक्लार्कने त्या शेजाऱ्याशी बोलणंच सोडलं. गोळ्या तरीही डावीकडे खाली.

अखेर क्लबातल्या एका जाणकाराने मर्मावर बोट ठेवलं. "लोखंड लाकडात सैल बसलंय. प्रत्येक बार उडाला की जरासं सरकतं. मधली फट भरून काढा."

"ऐकलंस?" हेडक्लार्क घरात शिरताच गरजला. "रायफल हलते! मी काय म्हणत होतो?"

"फट भरा हो," बायको म्हणाली. "पण माझ्या डायनिंग टेबलावर नको."

हार्डवेअरच्या दुकानात दोन ट्यूबा मिसळून करायचा मसाला मिळाला. दुकानदाराने बजावलं, "आधी लोखंडाला मेण चोळा बरं का. नाहीतर एकदा वाळलं की सुटायचं नाही."

हेडक्लार्क छद्मी हसला. त्याचं सगळं दुखणंच मुळी रायफल सुटी आहे हे होतं. ती हलू नये म्हणून मसाला भरायचा आणि वर ती सुटावी म्हणून मेण चोळायचं? असली दुटप्पी कामं ऑफिसात चालतात. "मला सुटायला नकोच आहे!" तो छाती काढून म्हणाला. दुकानदाराने खांदे उडवले आणि ट्यूबा बांधून दिल्या.

डायनिंग टेबलाला मनाई होती. मग घरात रायफलीच्या लांबीची सपाट जागा एकच उरली, इस्त्रीचं टेबल. बायको भाजी आणायला गेल्याचं बघून त्याने रायफल त्यावर मांडली. (गोळी उडवणारा तिचा बोल्ट काढून कपाटात कुलूपबंद केला होता. तेवढी अक्कल शाबूत होती.) स्क्रू काढले, लोखंड बाहेर घेतलं, लाकडात सढळ हाताने मसाला ओतला, लोखंड परत दाबून बसवलं आणि वर पिठाचा डबा आणि दोन शब्दकोश ठेवले. रात्रभर हात लावायचा नाही.

लाकडात स्क्रूंची भोकं आरपार असतात, एवढी एकच गोष्ट तो विसरला होता.

सकाळी ऑफिसच्या घाईत बायको इस्त्री करायला गेली आणि तिची हाक शेजारच्या बिल्डिंगीपर्यंत पोचली. "अहो! ही उचला इथून!"

हेडक्लार्कने रायफल उचलली. बरोबर इस्त्रीचं टेबलही उचललं गेलं, चारी पाय हवेत. भोकांतून ओघळलेला मसाला टेबलाची फळी आणि रायफलीचं लाकूड ह्यांच्यामध्ये दगड होऊन बसला होता. ओढून झालं, हिसडे देऊन झालं, गरम पाणी झालं. मेहुण्याला समजायचं ते समजलंच. तो दात कोरायचं मशीन घेऊन हजर झाला, पण मसाल्यावर ओरखडाही उठला नाही. उलट मशीनचंच टोक मोडलं.

"फळी करवतीने कापू," हेडक्लार्क म्हणाला.

"माझ्या टेबलाला करवत लावलीत तर बघा!" बायको कडाडली.

"मग लाकूड तासू."

"माझ्या रायफलीला हात लावलात तर बघा!" फोनवरून सासरे कडाडले.

"म्हणजे यंदा भावजी स्पर्धेत नाहीत तर," मेहुणा हळहळत म्हणाला. इतक्या आनंदाने हळहळणारा माणूस हेडक्लार्कने पाहिला नव्हता.

"कोण म्हणतं नाही?" तो दातओठ खाऊन म्हणाला. "मी असाच येणार!"

आणि स्पर्धेच्या दिवशी तो तसाच आला. टेम्पोतून उतरून, खांद्यावर इस्त्रीचं टेबल, त्यावर रायफल आणि मागे बोल्टची डबी घेऊन बायको. क्लबाच्या फाटकावर हशा उसळला. एकाने शर्ट काढून पुढे केला. हेडक्लार्कने मान वळवली नाही.

"हे चालणार नाही!" मेहुणा सेक्रेटरींकडे धावला. "हा टेकू नाही, फर्निचर आहे!"

सेक्रेटरींनी नियमांची पत्रिका उलटीसुलटी केली. "टेकू कुठल्याही प्रकारचा चालेल, असं लिहिलंय. फर्निचरला मनाई नाही."

हेडक्लार्कने टेबलाचे पाय उघडले, ओबडधोबड जमिनीवर कसंबसं ठाकठीक केलं, बोल्ट चढवला, कानांवर मफ चढवले आणि दुर्बिणीला डोळा लावला. समोर टार्गेट, टार्गेटात काळं वर्तुळ, वर्तुळात दुर्बिणीचा काटा. चाप ओढला. हात हलला असेलही, पण रायफल काही हलली नाही. इस्त्रीच्या टेबलाला हलवणं ह्या हाताच्या बापाला जमणार नव्हतं. बरोबर मधोमध! पुन्हा ओढला. पुन्हा त्याच भोकात!

शेजारच्या लेनमध्ये मेहुण्याला हसू आवरत नव्हतं आणि त्या हसण्यापायी त्याच्या गोळ्या चौफेर उधळत होत्या. मागे प्रेक्षकांत बायको सासऱ्यांची जुनी दुर्बीण डोळ्यांना लावून उभी होती. एकाएकी ती दोन्ही हात हलवून ओरडायला लागली. मफमुळे हेडक्लार्कला शब्द कळले नाहीत, पण इतक्या वर्षांत बायको आपल्यासाठी असं ओरडताना त्याने पहिल्यांदाच पाहिली. त्याने तिला उलट हात केला आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या त्याच एका भोकात घातल्या.

"अंगण सरळ झालं!" मफ काढून तो ओरडला.

"अहो, टार्गेट कोणाचं होतं ते बघा!" बायको म्हणाली.

कागद आले. हेडक्लार्कचं टार्गेट छापखान्यातून यावं तसं कोरं होतं. टेबल जरा तिरकं लागलं होतं आणि त्याच्या दहाही गोळ्या मेहुण्याच्या टार्गेटात जाऊन बसल्या होत्या.

सेक्रेटरींनी पुन्हा पत्रिका उघडली. "एका टार्गेटात जास्त गोळ्या आढळल्या तर त्यांतल्या सर्वांत चांगल्या त्या लेनच्या नेमबाजाच्या धराव्या." त्यांनी मेहुण्याचा हात हातात घेतला. "डॉक्टर, अभिनंदन! पैकीच्या पैकी. क्लबाच्या इतिहासात असा नेम झालेला नाही!"

मेहुण्याने बक्षिसाची ढाल काखेत मारली आणि रायफलीकडे वळला. "चला भावजी, द्या."

तेवढ्यात बायको टेबलाला हात लावून उभी राहिली.

"रायफल तुझी. खुशाल ने," ती भावाला म्हणाली. "पण टेबल माझं आहे. ते घराबाहेर जाणार नाही आणि त्याला करवत लागणार नाही. काय बाबा?"

सासऱ्यांनी घसा खाकरला. "टेबल तिचंच आहे," ते म्हणाले आणि बराच वेळ गुडघे चोळत बसले.

अशी रायफल टेबलासकट घरीच राहिली. हेडक्लार्कने बायकोकडे असं पाहिलं, की लग्नातसुद्धा पाहिलं नसेल. "तू माझ्या बाजूने आहेस, हे मला माहीतच होतं!"

"मी माझ्या टेबलाच्या बाजूने आहे," बायको म्हणाली. "आणि त्याची वाट तुम्ही लावलीत, तेव्हा ह्यापुढे घरातली इस्त्री तुम्ही करायची."

आता रोज सकाळी तो बोल्ट नसलेल्या रायफलीला वळसा घालून घरादाराचे कपडे इस्त्री करतो. कालच बायकोने त्याच्या शर्टाची बाही उजेडात धरली. "बघा, घडी डावीकडे खाली गेलीय. इस्त्री फिरवताना तुम्ही हात हलवता."

"हात नाही हलत," हेडक्लार्क उसळून म्हणाला. "दोष इस्त्रीचा आहे. तिच्यातच सुधारणा करायला हवी."

बायकोने मसाल्याची उरलेली ट्यूब उचलून कपाटात टाकली आणि कपाटाला कुलूप लावलं.